जुलैच्या बर्फावरचे पारखी

कॅनडात जुलै उजाडला की दोन जमाती हमखास दिसू लागतात. तळ्याकाठी डास आणि आइस हॉकीच्या रिंकभोवती पारखी. डासांवर निदान औषध मिळतं. जूनच्या अखेरीस एनएचएल या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची वाटणी, उरकतो. ३२ संघ सात फेऱ्यांत मिळून २२४ पोरं आपापल्या नावावर लावून घेतात. आठवडाभरात जवळपास प्रत्येक संघ आपल्या पोरांना चार-पाच दिवसांसाठी बोलावून घेतो. त्याला म्हणतात डेव्हलपमेंट कॅम्प. नुकतेच निवडलेले अठरा वर्षांचे, मागच्या दोन-तीन ड्राफ्टमधले एकोणीस-वीसचे, कॉलेजात खेळणारे बावीस वर्षांचे, आणि कुणीच न निवडलेले पण ‘या, बघू तरी’ असं आमंत्रण मिळालेले, असे सगळे एकाच बर्फावर सोडले जातात. बाहेर पारा तिशीला टेकलेला, आत अंगात जॅकेट आणि हातात कॉफी घेऊन पारखी बसलेले. शेवटच्या दिवशी निकाल तयार. हा पहिल्या फळीत खेळणार, तो मायनर लीगमध्ये कुजणार. हा लॉटरी, तो फुसका बार.

माझं म्हणणं सरळ आहे. या चार दिवसांत कुणाचीही पारख होत नाही, होऊ शकत नाही. आणि जे ती करत बसतात त्यांची स्वतःची पारख आजवर कुणी केलेली नाही. चूक यांनी करायची आणि किंमत पोरानं मोजायची, अशी या धंद्यात कामाची वाटणी आहे.

आधी जुलै म्हणजे काय ते पाहा. ऑंटारियोतल्या किंवा पश्चिमेकडच्या ज्युनिअर लीगमध्ये एका मोसमात नेहमीचे सामनेच ६८ असतात. ते मार्चमध्ये संपतात. ज्याचा संघ प्लेऑफला पोहोचलाच नाही, तो पोरगा मार्चअखेर मोकळा. तीन महिने तो जिममध्ये वजनं उचलतो, खासगी स्केटिंग कोचकडे जातो, घरचं खातो, पोटभर झोपतो. ज्याचा संघ ज्युनिअर हॉकीच्या शेवटच्या स्पर्धेपर्यंत, मेमोरियल कपपर्यंत, धडकला तो मेच्या शेवटापर्यंत खेळतच असतो. नव्वदच्या घरात सामने झालेले, खांदा दुखरा, हनुवटीवर टाके, वजन उतरलेलं. मग बफेलोतली कम्बाइन ही शारीरिक चाचणी, मग ड्राफ्ट, मग विमान, मग कॅम्प. आता या दोघांना एका शिट्टीवर शेजारी शेजारी पळवायचं. पहिला पुढे गेला की वहीत नोंद: ‘पाय हलके.’ दुसऱ्याच्या नावापुढे: ‘जड वाटला.’ अहो, वाटणारच! महिन्यापूर्वीपर्यंत तो जिंकत होता म्हणून जड झालाय. हरला असता तर हलका राहिला असता.

वयाचंही तेच. अठरा वर्षांच्या पोराला अजून दाढी धड फुटलेली नसते. त्याच्यासमोर तीन वर्षं कॉलेज हॉकी खेळलेला, खांदे भरलेला बाप्या उभा करायचा. त्यानं पोराला कठड्यावर दाबून पक काढून घेतला की बाकांवर कुजबुज, ‘अरे, हा आमंत्रित तर पहिल्या फेरीवाल्यापेक्षा भारी!’ त्या बाप्याचं कौतुक मलाही आहे, त्याला करार हवाय आणि तो जिवावर उदार होऊन खेळतोय. पण चार वर्षांचं अंतर म्हणजे गुणवत्ता नव्हे, एवढं समजायला स्काउट असावं लागत नाही. घरात दोन भावंडं असली तरी पुरतं.

त्यात प्रत्यक्ष दिसतं काय? बर्फावर शंकू मांडलेले, कोच पांढऱ्या फळीवर रेघा ओढून कवायत समजावतो, पोरं रांगेत उभी राहून एकामागून एक ती करतात. जो तिसऱ्यांदा कॅम्पला आलाय त्याला कवायत पाठ असते. जो स्लोव्हाकियातून परवा उतरलाय त्याला कोचचं वेगातलं इंग्रजी निम्मंच कळतं, म्हणून तो रांगेत शहाण्यासारखा मागे उभा राहतो आणि पुढचे काय करतात ते बघून घेतो. वहीत नोंद काय? ‘बुजरा. नेतृत्वगुण नाहीत.’ या देशात बाहेरून येऊन नोकरीची पहिली मुलाखत दिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, तो सांगेल नेतृत्वगुण त्या क्षणी कुठे गेलेले असतात.

मग शेवटच्या दिवशी प्रेक्षकांसाठी तीन विरुद्ध तीनचा सामना. मजा येते, नाकारत नाही. मोकळा बर्फ, गोलांचा पाऊस, पोरं नव्या युक्त्या करून दाखवतात. पण खऱ्या सामन्यात बर्फावर पाच विरुद्ध पाच असतात, आणि हॉकीतलं निम्मं कसब काहीतरी घडवण्यात नसून घडू न देण्यात असतं. समोरच्याची पासची वाट आधीच बंद करणं, त्याला कोपऱ्यात ढकलत नेणं, फेसऑफ जिंकून वीस सेकंद खाऊन टाकणं. हे तीन विरुद्ध तीनमध्ये दिसायला जागाच नाही. पॅट्रिस बर्जेरॉन २००३ साली ४५ व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्डसाठीची सेल्की ट्रॉफी त्यानं सहा वेळा घेतली. तेवढी दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही. त्या कामगिरीचा कणभरही जुलैतल्या या गंमतजत्रेत दिसला नसता. गोलरक्षकांचं तर विचारूच नका. त्यांच्यापुढे बचाव नावाची गोष्ट नसते, दर अर्ध्या मिनिटाला एक जण एकटाच अंगावर चालून येतो, आणि वर गणित: ‘दहात चार खाल्ले.’

आता पारख्यांच्या भाषेकडे वळू. यांच्या तोंडी सर्वांत लाडकं बिरुद म्हणजे ‘कॉम्पीट लेव्हल’. एकक काय? बाकावरच्या माणसाची मर्जी. जो पोरगा पकच्या मागे जीव खाऊन धावतो, आपटतो, उठतो, पुन्हा धावतो, त्याची लेव्हल उंच. जो दोन सेकंद आधीच ओळखतो की पक कुठे येणार आणि सावकाश तिथे जाऊन उभा राहतो, त्याला धावायची गरजच पडत नाही, तर त्याच्या नावापुढे ‘आळशी’. म्हणजे ज्याला खेळ कळतो त्याला शिक्षा आणि ज्याला उशिरा कळतो त्याच्या घामाचं कौतुक. दुसरं बिरुद ‘हॉकी सेन्स’. पास समोरच्यानं नीट घेतला तर देणाऱ्याला सेन्स आहे, त्याच्या स्टिकवरून निसटला तर देणाऱ्याला सेन्स नाही. स्टिक कुणाची, चूक कुणाची, सेन्स कुणाचा! आणि तिसरं ‘अपसाइड’. याचा साधा अर्थ, पोरगा उंच आहे.

उंचीचा सोस हा या खेळातला जुना आजार आहे, आणि त्याचं औषध दर पाच वर्षांनी सापडतं आणि लगेच हरवतं. पुन्हा २००३ चाच ड्राफ्ट घ्या, कारण इतका भरलेला ड्राफ्ट क्वचित येतो. बाराव्या क्रमांकावर न्यूयॉर्क रेंजर्सनी ह्यू जेसिमनला उचललं. डार्टमथ कॉलेजचा पोरगा, उंची ६ फूट ६ इंच. त्याच्यानंतर कोण कोण उरले होते? झॅक परीझे १७ वा. रायन गेट्झलाफ १९ वा. ब्रेंट बर्न्स २० वा. कोरी पेरी २८ वा. मग बर्जेरॉन ४५ वा, शे वेबर ४९ वा. आणि जो पावेल्स्की? तो २०५ वा, सातव्या फेरीत. जेसिमन एनएचएलमध्ये एकूण दोन सामने खेळला, तेही फ्लोरिडाकडून. यात त्याचा काही गुन्हा नाही. त्यानं ‘मला बाराव्यावर घ्या’ असा अर्ज केला नव्हता. पण पुढची वीस वर्षं ‘फसलेली निवड’ या प्रत्येक यादीत नाव मात्र त्याचं, निवडणाऱ्यांचं नाही.

उलट मार्टिन सेंट लुई. उंची ५ फूट ८ इंच. ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नाही. कॅल्गरीनं करारावर घेतला, थोडंफार खेळवला आणि सोडून दिला. टॅम्पानं उचलला. २००४ साली त्यानं सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस ट्रॉफी घेतली, सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी घेतली, आणि लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनले कपही घेतला. अंतिम फेरीत समोर कोण होतं? कॅल्गरी. सात सामन्यांत. असा सूड एखाद्या लेखकानं रचला असता तर संपादकानं ‘फार जमवून आणलंय’ म्हणून परत पाठवला असता.

उंची बिनकामाची असते असं मी म्हणत नाही. बचावपटूला लांब हात लागतात, कठड्यालगत वजन लागतं. पण गंमत अशी की ज्यांना उंचीचा एवढा सोस, त्यांना सर्वांत उंच माणूसही ओळखता आला नाही. झ्देनो चारा, ६ फूट ९ इंच. १९९६ साली न्यूयॉर्क आयलंडर्सनी त्याला ५६ वा घेतला, पाच वर्षं ठेवला, आणि २००१ मध्ये ओटावाला देऊन टाकला. वर त्याच व्यवहारात त्या वर्षीचा दुसऱ्या क्रमांकाचा ड्राफ्ट हक्कही दिला, ज्यावर ओटावानं जेसन स्पेझाला घेतलं. चारानं पुढे सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी घेतली आणि २०११ साली बॉस्टनचा कर्णधार म्हणून स्टॅनले कप डोक्यावर धरला. पावणेसात फुटांचा माणूस ज्यांच्या डोळ्यांतून सुटतो, ते म्हणे चार दिवसांत पोरांच्या मनातली जिद्द ओळखतात.

बरं, यावर अभ्यास झालेले नाहीत का? झालेत की. अल्बर्टातल्या लेथब्रिजचे मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आपल्या कुटुंबाबरोबर ज्युनिअर हॉकीचा सामना बघायला गेले होते. त्यांच्या पत्नी पॉला कार्यक्रमपत्रिका चाळत होत्या. खेळाडूंच्या जन्मतारखांत जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचीच गर्दी का, असं त्यांनी विचारलं. कारण सापडलं ते सोपं होतं. कॅनडात मुलांच्या हॉकीचे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीतला नऊ वर्षांचा मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा, उंच, दणकट. तो निवडला जातो, त्याला चांगला कोच मिळतो, जास्त बर्फ मिळतो, आणि पुढच्या वर्षी तो खरोखरच चांगला झालेला असतो. हा अभ्यास १९८५ मध्ये छापून आला. म्हणजे चाळीस वर्षं झाली.

यापुढचा टोला २०१३ चा. रॉबर्ट डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते २००७ या काळात ड्राफ्ट झालेले कॅनडाचे खेळाडू तपासले. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली पोरं त्यांच्या लायकीच्या मानानं उशिरा निवडली गेली होती. त्याच क्रमांकांवर निवडल्या गेलेल्या जानेवारी ते मार्चवाल्यांच्या तुलनेत, एनएचएलमध्ये ४०० सामने किंवा २०० गुणांसारखे टप्पे गाठण्याची त्यांची शक्यता जवळपास दुप्पट निघाली. लक्षात घ्या, इथे नऊ वर्षांच्या मुलांचे हौशी कोच चुकलेले नाहीत. चुकलेत पगारी, व्यावसायिक, विमानानं फिरणारे पारखी. सतरा-अठराव्या वर्षीही पोराच्या अंगात दिसणारं बळ त्यांना गुण वाटलं, आणि मागून येणाऱ्याची वाढ त्यांना दिसली नाही. शेअरबाजारात कुणी इतकी वर्षं एकाच दिशेनं चुकलं असतं तर त्याचं घर विकलं गेलं असतं. इथे त्याला पुढच्या वर्षीचं तिकीट मिळतं.

कॅम्पच्या आधी जी कम्बाइन होते तीही याच माळेतली. शंभराच्या आसपास पोरं बोलावतात, सायकलवर उलटी होईस्तोवर पॅडल मारायला लावतात, उड्या मोजतात, पकड मोजतात. हॉकीच्या या परीक्षेत बर्फ नसतो. २०१४ साली, कम्बाइन टोरोंटोत होत असे तेव्हा, सॅम बेनेटला बारवर एकही पुल-अप काढता आला नाही. केवढं हसू झालं त्याचं! हसणाऱ्यांनी त्याच्या पालकांच्या स्वयंपाकापर्यंत मजल मारायची तेवढी बाकी होती. कॅल्गरीनं तरीही त्याला चौथा घेतला, हा त्यांचा शहाणपणा. आणि २०२१ मध्ये फ्लोरिडाला देऊन टाकला, हा त्यांचाच वेडेपणा. २०२५ च्या जूनमध्ये फ्लोरिडानं लागोपाठ दुसरा स्टॅनले कप जिंकला आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी बेनेटच्या हातात आली. स्टॅनले कपचं वजन साधारण पस्तीस पौंड. त्यानं तो सहज उचलला.

आता मी हे सगळं कुठल्या अधिकारानं बोलतोय? हॉकीपटू म्हणून नाही. मी पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीत तपासणी विभागात वाढलेला माणूस. तिथला पहिला धडा असा की नग तपासण्याआधी गेज तपासायचं. तोच नग तोच इन्स्पेक्टर सकाळी मोजतो आणि दुपारी मोजतो, आकडा तोच येतो का? दोन वेगळे इन्स्पेक्टर मोजतात, आकडे जुळतात का? याला आम्ही गेज आर अँड आर म्हणायचो. आकडे जुळले नाहीत तर नगावर शंका घ्यायची सोय नव्हती, आधी मायक्रोमीटर टेबलावरून उचलला जायचा. प्रत्येक गेजवर चिकटपट्टी असायची: कॅलिब्रेशन कधी झालं, पुढचं कधी. तारीख उलटलेल्या गेजनं मोजलेला माल ग्राहक परत पाठवायचा, आणि सुपरवायझर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. साध्या बुशिंगसाठी ही काळजी. अठरा वर्षांच्या पोरासाठी?

कॅनडात आल्यावर काही वर्षं मी गावातल्या मुलांच्या हॉकीत मदतनीस होतो. वसंतात निवड चाचण्या व्हायच्या. मुलांच्या अंगावर नंबर लिहिलेली जाळीची बनियनं, काचेमागे क्लिपबोर्ड घेतलेली आम्ही मोठी माणसं. एकाच मुलाला एकाच सरावात एकानं आठ दिले, दुसऱ्यानं चार. मी भाबडेपणानं विचारलं, हा फरक कसला? उत्तर मिळालं, ‘सरासरी काढा, सहा.’ चार म्हणणारा आणि आठ म्हणणारा यांच्यातला निदान एक जण साफ चुकतोय; पण दोन चुकांची बेरीज करून दोननं भागलं की तिला निकाल म्हणायचं. गेल्या वर्षीचे कागद काढून बघू, कुणाचे अंदाज खरे ठरले ते पाहू, असं सुचवलं तेव्हा कळलं की कागद ठेवलेलेच नाहीत. ठेवणार कशाला? पुरावा कोण जपतं? यादी रात्री जाहीर व्हायची, आणि दहा वर्षांची मुलं आईच्या फोनवर आपला नंबर शोधत बसायची.

वरच्या पातळीवर फक्त टोप्या भारी असतात. क्लबांकडे जुने अहवाल असतात, काही संघ आपल्या स्काउटांचा हिशेबही ठेवत असतील. पण बाकांवर, स्टुडिओत आणि वर्तमानपत्रांत बसून जुलैत क्रमवारी लावणाऱ्यांचं काय? पाच वर्षांपूर्वी कुणाला ‘बस्ट’ म्हटलं होतं, हे त्यांना कोण विचारतं? पोरगा चमकला तर ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’, पडला तर ‘त्यानं मेहनत घेतली नाही’. वरातीमागून घोडं नेहमी याच मंडळींचं.

यात आमची मराठी मंडळीही मागे नाहीत, हेही सांगून टाकतो. मिसिसागाच्या रिंकवर पहाटे सहाला मुलाच्या स्केट्सच्या नाड्या आवळणारे बाप मी पाहतो. त्यांच्या पहाटेबद्दल मला आदर आहे. पण परतीच्या वाटेवर गाडीत हेच बाप सुनावतात, ‘तुझी कॉम्पीट लेव्हल कमी पडतेय रे.’ शब्द टीव्हीवरून उचललेला, अर्थ कुणालाच ठाऊक नाही, आणि मागच्या सीटवर आठ वर्षांचा मुलगा खिडकीबाहेर बघतोय. आपल्यासारख्या दिसणाऱ्या पोरांना ही पारख किती न्याय देते, त्याचा दाखला हवा असेल तर ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा अर्शदीप बैन्स आहे. ड्राफ्टमध्ये एकाही संघानं त्याचं नाव घेतलं नाही. २०२१-२२ च्या मोसमात त्यानं रेड डीअरकडून खेळताना ११२ गुण केले, अख्ख्या वेस्टर्न लीगमध्ये सर्वाधिक. त्याच मोसमात व्हँकूवरनं करार केला. ड्राफ्टच्या यादीत त्याला जागा नव्हती. एकदा नव्हे, जेवढ्या वर्षी तो पात्र होता तेवढ्या वर्षी नव्हती.

कुणी म्हणेल, चुका होणारच, भविष्य कुणाला कळतं? मान्य. पण चुकीनंतर काय होतं ते बघा, खरी मेख तिथे आहे. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये एडमंटननं नेल याकुपोव्हला पहिला घेतला. तो साडेतीनशे सामने खेळला आणि २०१८ नंतर एनएचएलमध्ये दिसला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये १३० वा कोण होता? कॉनर हेलेबक, टेक्सासमधल्या ओडेसासारख्या तेलाच्या गावात ज्युनिअर खेळणारा गोलरक्षक. त्यानं तीनदा सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी घेतली आणि २०२५ ला हार्ट. पहिल्या क्रमांकावर घेतलेल्याला संघ वर्षानुवर्षं संधी देतात, कारण तो अपयशी ठरला तर निवडणाराही उघडा पडतो. सहाव्या-सातव्या फेरीतल्याला एक वाईट आठवडा परवडत नाही. कॅम्पमध्येही हेच चालतं. वरच्या फेरीतले पोरगे चांगल्या जोडीदारांबरोबर खेळतात, कोच त्यांच्या कानाशी लागतात, कॅमेरे त्यांच्या मागे. तळातला सातव्या फेरीवाला दोन आमंत्रितांबरोबर फळीत, ज्यांची नावं त्याला आदल्या रात्री जेवताना कळली. आणि मग म्हणायचं, ‘क्रमवारी बरोबरच होती, बघा.’ जे पेरलं तेच उगवलं, यात पारख कुठे आली?

हल्ली आकडेवाले आलेत. ते डोळ्यांपेक्षा बरे, हे मी मोकळेपणानं म्हणतो; निदान ते आपला अंदाज लिहून ठेवतात. पण आकडे कशातून येतात? बर्फावर मिळालेल्या मिनिटांतून. मिनिटं कोण देतं? तोच कोच, ज्यानं जानेवारीत जन्मलेल्या उंच पोराला पहिल्या फळीत घातलं. जुनीच चूक, आता दशांश चिन्हासह.

चांगली पारख होतच नाही असंही नाही. डेट्रॉइटचे स्वीडनमधले स्काउट हॉकन अँडरसन १९९० च्या दशकात रशियात दुसऱ्याच एका बचावपटूला बघायला गेले, आणि त्यांची नजर समोरच्या संघातल्या एका किरकोळ अंगाच्या सेंटरवर खिळली. त्याचं वय ड्राफ्टचं पहिलं वर्ष ओलांडून गेलं होतं, आणि आधी कुणी त्याला विचारलं नव्हतं. डेट्रॉइटनं १९९८ मध्ये पाव्हेल दात्स्युकला १७१ वा घेतला. पुढच्या वर्षी हेन्रिक झेटरबर्गला २१० वा. तोही अँडरसनना दुसऱ्याच कुणाला बघताना आढळला होता. दोघांनी मिळून २००८ चा कप डेट्रॉइटला मिळवून दिला. अँडरसननी काय वेगळं केलं? जिथे गर्दी नव्हती तिथे गेले, ज्याला बघायला गेले होते त्यालाच बघत राहिले नाहीत, आणि पोरगा बारका आहे यापलीकडे बघू शकले. अन् डेट्रॉइटनं दोघांनाही लगेच आपल्याकडे ओढून घेतलं नाही. रशियात, स्वीडनमध्ये मोठ्यांबरोबर खेळून पिकू दिलं. चार दिवसांत पिकवायला ते काय आढीतले आंबे होते?

म्हणून माझ्या मागण्या थोड्याच आहेत. जुलैत जो कुणी पोरांची क्रमवारी लावेल, त्यानं खाली आपलं नाव आणि तारीख घालावी, आणि पाच वर्षांनी तीच यादी त्याच जागी, त्याच आकाराच्या अक्षरांत पुन्हा छापावी. बाकांवरच्या गर्दीतून निम्मे त्याच दिवशी उठून जातील. संघांनी कॅम्पमध्ये प्रत्येक पोराचं जन्मवर्षच नव्हे तर महिना, आणि मोसमात खेळलेले सामने, बनियनवरच्या नंबराइतकेच ठळक लिहावेत. बघणाऱ्याला लाज वाटावी म्हणून. तीन विरुद्ध तीनचा तमाशा हवा तर ठेवा, तिकिटं लावा, लहान मुलांना सह्या द्या. पण त्यावर कुणाचं भविष्य वर्तवू नका.

कारण कॅम्पमध्ये खरोखर कामाची एकच गोष्ट असते आणि ती बाकांवरून दिसत नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येक पोराला आत बोलावतात. कोच सांगतात, तुझी डावी कड कच्ची आहे, उलटं वळताना तू वरून उभा होतोस, पाठीचं बळ वाढव, दूध पी, भाज्या खा. हे शिक्षण. यासाठी पोराला हजारो मैलांवरून बोलावणं मला मान्य आहे. त्याच्या हातातल्या कागदावर असं काही लिहिलेलं असेल तर त्यानं तो घरी नेऊन फ्रिजवर लावावा. आणि ‘कॉम्पीट लेव्हल वाढवणे’ असं लिहिलेलं असेल, तर विमानतळावर कॉफी सांडली की पुसायला कागद लागतोच.